पावसाच्या दिवशीची हजेरी

अजमान, संयुक्त अरब अमिराती
दि. १४ जुलै २०००

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक मराठी शाळा,
मु. वेळशेत, ता. दापोली, जि. रत्नागिरी.

अर्जदार : सौ. जुलेखा हारुन मापारी, इयत्ता तिसरीतील कु. कशफ हिची आई.

विषय : कु. कशफ हारुन मापारी हिचे नाव पटावरून कमी न करणेबाबत, तसेच पावसाच्या दिवशी तिला घराबाहेर आणण्याच्या रीतीबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, मुलीची आत्या श्रीमती कुलसुम यांच्या नावे. (गावचे अक्रम यांनी सुट्टी संपवून परत येताना आणून दिली.)

महोदय,

१. वरील नोटिशीत आपण असे नमूद केले आहे की, सदर विद्यार्थिनी उघडीप असेल तेव्हा शाळेत येते आणि पाऊस असला की येत नाही. आणि जून-जुलैत उघडीप ती किती! आत्या लावणीला गेल्यावर ती आतून कडी लावून बसते. वर्गातली मुले बोलवायला पाठवली तर हाकेला ओ देत नाही, दार फार वाजवले तर पलंगाखाली जाते, आणि संध्याकाळी आत्या आली की मुकाट्याने दार उघडते. यावर आपण 'मुलगी हट्टी आहे' असा शेरा मारला असून आठ दिवसांत खुलासा मागितला आहे. ते आठ दिवस नोटीस विमानात बसण्यापूर्वीच संपले होते. तरी खुलासा सादर आहे. मुलगी हट्टी नाही. ती आज्ञाधारक आहे, आणि सगळे दुःख त्याचेच आहे.

२. अर्जदार ही अजमानमध्ये कपड्यांच्या कारखान्यात चेकरचे काम करते. मुलीचे वडील हारुन, जे आपल्याच शाळेत शिकले, ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका साइटवर क्रेन चालवतात, कंपनीच्या कॅम्पात राहतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. घर म्हणजे एका जुन्या बंगल्यात प्लायवूड ठोकून पाडलेल्या खोल्यांपैकी एक. शेजारी एका बाजूला बानू नावाची हैदराबादची बाई, रात्रपाळीला इस्पितळात साफसफाई करणारी. दुसऱ्या बाजूला चार एकटे पुरुष. माणसे वाईट नव्हती, पण मध्ये भिंत नव्हती, नुसते प्लायवूड होते. एकाच्या पगारात खोलीचे भाडे आणि मुलीची फी भागत नसल्यामुळे दोघांनीही कामावर जाणे भाग होते.

३. आता पावसाविषयी. आपल्याकडे पोरे प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, वहाळ ओलांडून शाळेत येतात. पाऊस आहे म्हणून शाळा बंद ठेवा म्हटले तर गुरुजी हसतील. इथे पाऊस हिवाळ्यात येतो, दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यासारखा. रस्त्यांना गटारे नाहीत. दोन बोटे पाणी पडले की चौकाचे तळे होते, शाळेच्या बस अडकतात आणि शाळा बंद होते. अरबी लोक मुलाबाळांना गाडीत घालून पाऊस बघायला निघतात. ज्यांच्या घरात कोणी मोठे माणूस असते त्यांना तो सणच. नोकरी करणाऱ्या आईला मात्र शाळा सांगते, मुलीला पाठवू नका. कंपनी सांगते, तुम्ही आलेच पाहिजे. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्यात म्हणतात. इथे दोघांनी एकाच दिवशी हात उगारला.

या वर्षी हिवाळा कोरडा जाऊ लागला म्हणून मशिदीत पावसासाठी खास नमाज झाली. हारुन गेले होते. अर्जदाराने घरी हात पसरले, पण मागणे वेगळेच मागितले : पडायचाच असेल तर शुक्रवारी पडू दे. पाऊस ही अल्लाची रहमत आहे हे काय तिला ठाऊक नाही? कोकणातल्या बाईने पावसाला नको म्हणावे, याची तिला अजून शरम वाटते.

४. पाऊस रविवारी आला. शाळा फोन करून कळवते, आणि फोन होता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. अर्जदार कारखान्याच्या बसने आधीच गेलेली. मुलगी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, न येणाऱ्या बसची वाट पाहत दुकानाच्या पायरीवर भिजत राहिली. दुकान उघडल्यावर दुकानदाराने तिला आत घेऊन तांदळाच्या पोत्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने बिनपगारी रजा काढली. तिसऱ्या दिवशीही शाळा बंद, म्हणून मुलीला कारखान्यात नेऊन कापडाच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात लपवले. तिथे ती सापडली. सुपरवायझर अनुराधा मॅडम स्वभावाने बऱ्या आहेत, पण त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते. त्या म्हणाल्या, "जुलेखा, कल भी रेन, आज भी रेन? फॅक्टरी में तो रेन नहीं होता ना! बच्ची फिर से लाई तो खलास, मैं कुछ नहीं कर सकती."

५. त्या संध्याकाळी अर्जदाराने मुलीला समोर बसवून नियम घालून दिला. तो आपल्या माहितीसाठी जसाच्या तसा देत आहे. पाऊस आला म्हणजे शाळा बंद. आतून कडी लावायची. लाइट लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, आवाज करायचा नाही. कोणी दार वाजवले तर ओ द्यायची नाही. 'तुझ्या मम्मीने पाठवलंय' म्हणाले तरी नाही. आता पलीकडच्या खोलीतला एक तरुण सगळ्यांच्या नकला करी, आणि एकदा गमतीने त्याने अर्जदाराचा आवाज हुबेहूब काढला होता. म्हणून पुढे हेही सांगितले : घड्याळात सहा वाजण्याआधी माझा आवाज आला तरी दार उघडायचे नाही. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "इव्हन इफ इट इज रिअली यू?" अर्जदार म्हणाली, हो, तरीसुद्धा. तेव्हा ती फार हुशारीची गोष्ट वाटली होती.

६. चौथ्या दिवशी पावसाने कहर केला. बंगल्याच्या मागची मोकळी जागा भरली आणि पाणी खोल्यांत शिरले. बानू कामावरून परत आली होती. तिने मुलीचे दार वाजवले, पुन्हा वाजवले, रडली, शेवटी दुकानातून कारखान्यात फोन केला. अर्जदार हातातला शर्ट तसाच टाकून निघाली. टॅक्सी अर्ध्या वाटेत बंद पडली, पुढचे अंतर गुडघाभर पाण्यातून चालून झाले. दाराशी येऊन तिने हाक मारली. आत शांतता. पुन्हा हाक मारली, तेव्हा आतून बारीक आवाज आला, "मम्मी सेड नॉट बिफोर सिक्स."

महोदय, घड्याळ विजेवरचे होते. वीज सकाळीच गेली होती. त्या खोलीत सहा वाजणारच नव्हते.

अर्जदाराने सगळे करून पाहिले. शपथा घातल्या, मुलीच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या, ओरडली, दारावर डोके टेकून रडली. पलीकडचा तो नकला करणारा तरुण हातोडी घेऊन धावत आला, आणि त्याचा आवाज ऐकताच मुलगी पार गप्प झाली. तेव्हा अर्जदाराला आठवले की रोज संध्याकाळी मुलगी उशा ओळीने मांडून शाळा-शाळा खेळते आणि बाईंच्या आवाजात हजेरी घेते. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि बाईंसारखे म्हटले, "रोल नंबर ट्वेंटी-थ्री, कशफ हारुन मापारी."

आतून लगेच आले, "प्रेझेंट, मिस." आणि कडी निघाली.

ती दाराजवळच्या लोखंडी पेटीवर उभी होती. पेटीच्या कडांपर्यंत पाणी चढले होते. अंगात गणवेश होता, टाय लावलेला होता, कारण शाळा कदाचित उघडेल आणि बस येईल असे तिला वाटले होते. आईला बघून ती रडली नाही. तिने विचारले, "डिड आय डू इट राइट?" अर्जदाराने हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

७. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हेच होणार, हे उघड होते. म्हणून हारुन आणि अर्जदार यांनी विचार केला की मुलीला अशा गावी ठेवावे जिथे पावसाने शाळा बंद होत नाही. उन्हाळ्यात तिला वेळशेतला पाठवले. विमानतळावर अर्जदाराने तिला शंभर गोष्टी सांगितल्या : आत्याचे ऐक, जेवणाला नाक मुरडू नकोस, विहिरीपाशी जाऊ नकोस, मराठीत बोल. पावसाचा नियम उठवायचा तेवढा राहून गेला. मुलीला चार महिने पावसाच्या मुलखात धाडले आणि पाऊस आला की काय करायचे ते आधीच पक्के शिकवून ठेवलेले.

नोटीस आल्यावर अर्जदाराने एका शुक्रवारी फोन केला. फोन एसटी स्टँडवर, म्हणून आत्या तिला दुपारच्या उघडिपीत घेऊन आली. आता नियम संपला, पावसातही शाळा असते, असे सांगितले. मुलगी म्हणाली, "ओके, मम्मी." दुसऱ्या दिवशी पाऊस, आणि पुन्हा कडी. फोन दुपारी झाला होता ना. सहाच्या आतला आईचा आवाज खरा धरायचा नसतो. सहानंतर लहान मुलीला तिथवर पावसातून आणणे आत्याला जमत नाही. पत्र पाठवावे, तर ते 'मम्मीने पाठवलंय' यातच मोडते. आत्याने परोपरीने समजावले, पण नियम आईचा. आई मोडेल तरच मोडायचा, आणि आईचे तर ऐकायचे नाही. अर्जदाराने ही गाठ इतकी घट्ट मारून ठेवली आहे की आता तिची तिलाच सुटत नाही. स्वतः येऊन सोडवावी, तर सुट्टी पुढल्या वर्षी.

८. सबब विनंती की,

(अ) मुलीचे नाव पटावरून कमी करू नये आणि 'हट्टी' हा शेरा काढावा. त्या जागी काय लिहावे हे आपण ठरवावे.

(ब) मुले दार वाजवायला पाठवू नयेत. ती बिचारी मायेने वाजवत असतील, पण आतल्या मुलीला ते अजमानचेच दार वाटते.

(क) 'पाऊस चालू असला तरी शाळा चालू आहे' असा एक दाखला शाळेच्या शिक्क्यानिशी द्यावा. आत्या तो दाराला आतून चिकटवतील. असा दाखला देण्याची पद्धत नाही हे अर्जदार जाणून आहे. पण ही मुलगी शाळेचे ऐकते. आईचे न ऐकण्याची तिला सक्त ताकीद आहे.

(ड) पावसाच्या सकाळी वर्गाच्या बाईंनी किंवा गुरुजींनी एकदाच दारासमोर उभे राहून हजेरी घ्यावी. जुना नंबर तेवीस, इंग्रजीत. ती 'प्रेझेंट' म्हणून बाहेर येईल. कोणाला सवड नसल्यास वर्गातल्या एखाद्या मुलाने, दार न वाजवता, सोबतची कॅसेट लावावी. आत्या लावणीला जाण्यापूर्वी त्यांचा टेप पडवीत ठेवतील. सेल नवे पाठवले आहेत. आवाज कोणाचा ते तिने ओळखले तर ती रडेल. थोडे रडू द्यावे, मग हात धरून न्यावे. वहाळाशी तिचा हात सोडू नये.

आपल्याला तसदी देणारी, आणि हा पावसाळा संपेपर्यंत आपल्याच भरवशावर असलेली,

(सही)
सौ. जुलेखा हारुन मापारी

सोबत :
१. अजमानच्या शाळेचा दाखला, खरी प्रत.
२. कॅसेट एक. 'अ' बाजूला फक्त हजेरी आहे, अर्जदाराच्या आवाजात. 'ब' बाजू कोरी ठेवली आहे. तिच्यावर मुलीचे 'प्रेझेंट' भरून, इकडे येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवावे. मागे पावसाचा आवाज आला तरी चालेल.