येण्यापुरतं एक झाड

रोशनदादाले,

ममताचा सप्रेम जय भीम. मोबाईलवर एकेक अक्षर शोधून लिहून राह्यली, म्हून उशीर अन् चुका दोन्ही पोटात घे. (शाळा सातवीतूनच सोडली, आता जर्मनीत बसून माह्ये कान धरता येत नाई तुले.) तिकडं लय थंडी हाय म्हन्ते, मफलर बांधत जा. इकडं आम्ही सारे बरे आहो, कापूस सोडून. त्याले औंदाही बोंडअळीनं धरलं.

तू फोनवर म्हटलंतं का इमान लय धूर सोडते, म्हून येनं-जानं कमी केलं, अन् आलोच तं तेवढा धूर पिनारे झाडं लावूनच येईन. हे तुह्या आईनं, म्हंजे माह्या मोठाईनं, मनावरच घेतलं. मले म्हने, "चाल व पोरी, त्याच्या येन्याचे झाडं लावू." मी इचारलं, अन् जान्याचे? तं म्हने, "जान्याचे आपुन कायले लावाचे?"

मंग वावराच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं, कडुनिंबं लावले. बकऱ्या खातीन म्हून भोवताल कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचं कुंपन केलं. तिथंच घात झाला. कापूस सरला का सारे आपापली पऱ्हाटी पेटवतेत, हे तुले मालूम हाय. शेजारचा फकिराकाका त्याची पेटवून आमच्या धुऱ्याकडं वळला. मी दुरून पाह्यलं. हाक माराव तं आवाजच निंघेना (मोठ्या मानसाइसमोर माह्यं काय होते, तुले मालूम हाय), म्हून जोरजोरात हात हालवले. त्यानंही हसून हात हालवला अन् काडी लावली. वरून घरी येऊन बाबाले म्हने, "देवरावभाऊ, तुमचीबी पेटवून देली, चहा पाजा!" अन् तो चहा मलेच मांडा लागला. दादा, आता हा धूर कोनाच्या नावावर, तुह्या का फकिराकाकाच्या?

मोठाई रडली नाई. पन तवापासून दारव्ह्याच्या बाजारात जीपनं नाई जात, पायी जाते. जीपवाला अंकुर दर बाजाराले ओरडते, "काकी, बसा ना, पैसे नका देऊ!" तं म्हन्ते, "नाई रे बापा, माह्या वाट्याचा धूर रोशनसाठी राखून ठेवून राह्यली." गुडघे सुजले तिचे, पन तुले सांगू नको म्हटलं, म्हून नाई सांगत.

तुही बहीन,
ममता

ता.क. कोपऱ्यातलं एक झाड वाचलं हाय. मोठाई त्याले घागरीनं पानी टाकते अन् इचारते, एका झाडावर येता येते काय व? मी येते म्हटलं. आता मले खोटी पाडू नको.

ता.क. दुसरं : आपल्या गावच्या उत्तमसिंगचा बैल इहिरीत पडलता. जिता निंघाला.