केराबाई अध्यासनाचं पान

४ जून
न्हाय, नावासाठी न्हाय. नावाची हौस असती तर रस्त्यावर कमान बांधली असती की. मंगळवेढ्याकडचं रान विकलं आनि युनिव्हर्सिटीत आईच्या नावानं अध्यासन काढलं. केराबाई मेंढीपालन अध्यासन. म्हंजी एका प्रोफेसरच्या पदाला आईचं नाव, त्यानं मेंढरांचा अभ्यास करायचा. आईनं जलमभर मेंढरंच राखली. आता नेटवरच्या ज्ञानकोशात त्या अध्यासनाचं स्वतंत्र पान पायजे. आईचं नाव ऱ्हायलं पायजे, बास.

५ जून
मजकूर सांगितला, नात पूनमनं टाइप केला. म्हनली, आबा, ह्यात पनजी एका ओळीत हाय, बाकी सगळं तुमीच. म्हनलं, मी नसतो तर अध्यासन आभाळातनं पडलं असतं व्हय? फेट्यातला फोटो पन टाकायला लावला. पान भरलेलं दिसाय पायजे.

७ जून, सकाळी
पानावर पाटी लागली. ठेवायचं का काढायचं, चर्चा चालू म्हने. एकजन म्हनतो, असली अध्यासनं गावोगाव हायत, दरेकाला पान कशाला? युनिव्हर्सिटीच्या पानात घाला. दुसरा म्हनतो, बाहेरच्यांनी आपनहून काय लिवलंय ते दाखवा. दाखवतो की. त्यात काय.

८ जून
बातमी मीच लिवली. सगळ्या पेपरांत नेऊन दिली, वर पेढे. चौकात फ्लेक्स लावला, खाली शुभेच्छुक म्हनून सगळी भावकी. आता बोला म्हनावं.

११ जून
सगळ्या पेपरांत आलं. शब्दाला शब्द सारखा. मला वाटलं, साक्षी जुळल्या. ज्ञानकोशवाले म्हनतात, हे तर एकाच मानसानं लिवलंय. फ्लेक्सचा फोटो धरलाच न्हाय. अडानी लोक. एवढा मोठा फ्लेक्स आमच्या चौकात आमदाराचा पन लागला न्हाय.

१३ जून
अध्यासनाचे प्रोफेसर अनिलकुमार सर. फोन केला, चर्चेत दोन शब्द टाका म्हनलं. लगेच व्हय म्हनले. लई सज्जन मानूस.

१३ जून, संध्याकाळी
सरांनी लिवलं. आजवर दोन व्याख्यानं झाली, त्यातलं एक देनगीदारांनी स्वतःच दिलं, विषय 'मी आनि माझी मेंढरं', वेळेचं भान राहिलं न्हाय, मुलं उठून गेली. एवढं सविस्तर कुनी विचारलं हुतं का त्यांना?

१५ जून
पान काढून टाकलं. पूनमनं मोबाइलवर युनिव्हर्सिटीचं पान उघडून दिलं. त्यात एक ओळ घातलीय. केराबाई मेंढीपालन अध्यासन. वर बघितलं, खाली बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. फोटो न्हाय, माझं नाव न्हाय. पूनम म्हनली, पनजीचं नाव ऱ्हायलं की आबा, तुमाला हेच पायजे हुतं न्हवं? व्हय म्हनलो.
जेवाय बोलवाय आली परत. भूक न्हाय म्हनलं. काय झालं म्हनून इचारत बसली.
काय झालं न्हाय. ह्यावर मी आता काय बोलनार न्हाय.