मुक्ताने कोरा ठेवलेला नकाशा

कुवेत, जानेवारी

अहो,

मुक्ताने दहावीच्या पूर्वपरीक्षेत भारताचा नकाशा कोरा ठेवला, म्हणून हे लिहिते आहे. दिवाळीआधी तुम्ही मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत ड्यूटीवर गेलात ते परत आलाच नाहीत. तेव्हापासून कंपनीचे भरपाईचे कागद आणि नाशिकचे सांत्वनाचे फोन यांतून मला बसायला वेळ कुठे होता? पण परवा भूगोलाच्या बाईंनी शाळेत बोलावून पेपर पुढ्यात ठेवला. पिकं, माती, लोकसंख्या, सगळी उत्तरं चोख. नकाशावर मात्र नुसतं तिचं नाव.

बाई भल्या आहेत. घरून भरून आणू दे, मार्क देईन म्हणाल्या. गाडीत मी मुक्ताला विचारलं, येत नाही का तुला? खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय नो ऑल ऑफ इट, आई."

येणारच! बी.ए.ला भूगोल माझा, आणि पोरगी शिकली रिफायनरीतल्या इंजिनिअरकडे. मी प्रश्न विचारायचे आणि चुकलेलं उत्तर पुन्हा लिहून घ्यायचे. तुम्ही थंडीतल्या शुक्रवारी आम्हाला जहराच्या पुढे वाळवंटात न्यायचात आणि काठीने खोलीएवढा भारत काढायचात. इराकच्या लढाईतले सुरुंग राहिले असतील या भीतीने, गाड्यांनी तुडवलेल्या जागेतच. अम्गराच्या वर्कशॉपमधले आपले कोकणातले सुतार बरोबर असायचे. प्रत्येकाने आपापल्या गावावर उभं राहायचं. लांज्याचा भिकाजी आठवतो? तुम्ही किनारा इतका चिंचोळा काढलात की तो म्हणाला, "साहेब, कोकणात माझा एकच पाय मावतोय. दुसरा कुठे ठेवू?"

"दुसरा आहेच की कुवेतला," तुम्ही म्हणालात.

सगळे हसले. भिकाजीही हसला, आणि मग बराच वेळ तसाच एका पायावर उभा राहिला.

मी चटईवरून ओरडायचे, नर्मदा पूर्वेला काय नेताय! तुम्ही पायाने पुसून पुन्हा काढायचात.

मुक्ता मात्र कुठेच उभी राहायची नाही. नाशिक तिच्यासाठी सुट्टीतलं गाव. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतंत, दहावी झाली की गोदावरी उगमापासून समुद्रापर्यंत दाखवतो, मग कुठे उभं राहायचं ते ठरव. असं काही कबूल करून माणसाने मध्येच निघून जावं का हो?

घरी आल्यावर मी कडक बोलले. आपण बाबांच्या व्हिसावर होतो, परीक्षेपर्यंतच राहू दिलंय, पुढे नाशिकच्या कॉलेजात मार्क लागतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबा नसताना त्या देशात जायचंच आहे. निदान नकाशा तरी त्यांच्याशिवाय भरायला लावू नकोस."

मी जाऊन कुकर लावला. मला रडू लवकर येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण शिट्ट्यांकडे लक्ष राहिलं नाही आणि भात खाली लागला. दोघींनी तोच खाल्ला.

जेवताना मी म्हटलं, गोदावरी मी दाखवते. तिला खरं वाटेना. म्हणाली, "तू? तुला तर त्र्यंबकपर्यंतही बस लागते." लागते. पण नेईन म्हटलं. ती उठून नकाशा घेऊन आली. मग ताट सरकवून पेन्सिल घेऊन बसली. मी शेजारी बसून होते आणि एकही चूक काढली नाही. पटेल तुम्हाला?

तर शब्द देते. यंदाचा पाऊस सरला की आम्ही दोघी निघू. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री आणि पुढे समुद्र. तुमच्यासारख्या गमती मला जमायच्या नाहीत. वाटेत उलट्याही होतील. पण मधला एकही टप्पा गाळणार नाही.

आज सकाळी बाईंच्या हातात दिलं ते असं: मुक्ताचा नकाशा, एक. डोंगर, बंदरं, कोळशाच्या खाणी भरलेल्या. नद्याही सगळ्या, गोदावरी सोडून. ती पाहून आल्यावर काढणार आहे. बाई म्हणाल्या, याचा एक मार्क जाईल हं.

मी म्हटलं, जाऊ दे.

तुमची,
शैला