तुसाच्या राखेहून बारीक

आत्या, जय भीम.

सकाळी फोनवर तू म्हणाली, "तृप्ते, तुह्या औषधासाठी माह्यं नाव पयले लिवून ठेव." काम हाये म्हणून मी फोन ठेवून देला. तेव्हापासून लॅबमधी नुसत्या येरझारा घालून राहिली.

चूक माहीच हाये. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले दिघोरीले आली तेव्हा मीच फुशारकी मारली का कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध नेणाऱ्या आमच्या नळ्या कार्बनच्या हायेत, तुह्या धानाच्या तुसाच्या काळ्या राखेच्याच जातीच्या, फक्त लई बारीक. तू हासली. "त्या राखेनं जलमभर दात घासले, ते मले काय करते?" म्हणाली आन् गावभर सांगत सुटली.

आत्या, राख तू थुकून टाकते. हे थुकता येत नाही.

नळ्या टोचल्यावर तीस दिवसांनी आमचे उंदीर चांगले होते, तसा रिपोर्ट मी सही करून देला. परवा नव्वद दिवसांचे तपासले. काहींच्या लिव्हरमधी काळे ठिपके तसेच होते. त्यानं अपाय होते का नाही, मले ठाऊक नाही आन् आमच्या लॅबच्या सरांले बी नाही. सर म्हणतात, तीस दिवसांच्या रिपोर्टवरच थांबू.

उद्या मी त्या ठिपक्यांचे फोटो सरांच्या वरच्या कमिटीले पाठवून राहिली. काम मागं पडन. तसंही ते औषध तुह्यापर्यंत पोचणार नव्हतं. माणसाले द्यायले अजून लई वर्सं हायेत, हे मंडईत मी बोलली नाही.

तुह्याजवळ किती महिने हायेत, हे डॉक्टरनं तुले नाही, मले सांगितलं.

तुहा फोन उचलायले भेणारी,
तृप्ती