किल्लारीच्या पहिल्या गाडीचा डबा

१३ एप्रिल १९८६, लातूर

निवड झाली! परवा नांदेडला मुलाखत झाली आणि आज क्लबचे सेक्रेटरी पंचाक्षरीअप्पा स्वतः खोलीवर सांगायला आले. क्लबच्या शिष्यवृत्तीवर वर्षभर कॅनडा. जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं ते शिकायचं. आणि इथे खिडकीतून बघावं तर टँकरपुढे घागरींची रांग! नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलंय.

अप्पा गेले. आता खोलीत सांगायला कुणी नाही. म्हणून इथे लिहितेय — निवड झाली.

१५ एप्रिल

किल्लारीला जाऊन मायला सांगितलं. रोजगार हमीच्या कामावरून आली होती, हातापायाला खडीची धूळ. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तिकडं भाकर कोन दील?"

"आपली आपणच करायची."

"तुला येती?"

येत नाही. थापता थापता फाटते. माय उठून चुलीपुढे जाऊन बसली. बा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी गेले की ती एकटी. हे दोघींच्याही मनात होतं, पण बोललं कुणीच नाही.

मी ठरवलंय — ती तोंडानं "जा" म्हणेपर्यंत जायचं नाही.

२२ एप्रिल

डबा आला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माय कामावर जायच्या आधी स्टँडवर येऊन पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे, साहेबरावांकडे डबा देते. मी इथे उतरवून घेते, आदल्या दिवशीचा रिकामा त्यांच्याकडे परत देते. कॉलेजची निम्मी पोरं अशीच जेवतात. कितीही डबे असोत, डब्याला बांधलेला मायचा फडका मला लांबून ओळखू येतो.

डब्याबरोबर निरोप काही नाही. "जा" नाही, "नको" नाही.

३ मे

अप्पांच्या घरी काट्या-चमच्याचा सराव. त्यांच्या बायकोनं, जगदेवीकाकूंनी, भरली वांगी केली होती. वांग्यावर काटा रोवला तर ते ताटातून निसटून थेट अप्पांच्या धोतरावर! काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही. नंतर, माझी जात ठाऊक असून, त्यांनी माझं ताट स्वतःच्या हातानं उचललं. ते मी लक्षात ठेवलं. असलं लक्षात ठेवावं लागतं याची चीड येते.

खोलीवर येईपर्यंत हसू संपलं. मग काय, भिंती आणि मी.

१९ मे

डबा नाही. माय आजारी तर नाही?

२० मे

आजही नाही. साहेबराव म्हणाले, "माय चांगली हाय. डबा न्हाई दिला आज." आणि उगाच तिकिटांची पेटी उघडून बघत बसले.

२४ मे

डबा बंद केला तिनं! हेच तिचं उत्तर. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, ताटच ओढून घ्यायचं. तडक किल्लारीला जावं असं कितीदा वाटलं. पण मीही तिचीच लेक. ती डबा देत नाही ना, मग मीही गाडीत बसत नाही. तिचा शेवटचा डबा माझ्याकडेच आहे. परत पाठवला नाही.

तरी रोज सकाळी स्टँडवर जाऊन उभी राहते. पोरं आपापले डबे उचलून निघून जातात. काय मूर्खपणा!

२८ मे

घरमालकिणीकडून पीठ आणि तवा आणला. पहिली भाकरी फाटली. दुसरी उचलताना फाटली. तुकडे भाजले, रडत रडत खाल्ले. मायची इतकी आठवण आली आणि इतका राग आला!

५ जून

अप्पांना सांगून टाकलं — मी जात नाही.

"माय नको म्हणली का?"

"नाही. डबा बंद केला."

अप्पा म्हणाले, "शनवारपर्यंत थांबतो बघ. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव द्यावं लागतंय."

६ जून

साहेबरावांनी आज गाडीतून उतरून हाक मारली. "पंचशीला, तुझी माय सांगू नको म्हणली व्हती. पर तुझं तोंड बघवना मला."

माय रोज किल्लारीच्या स्टँडवर येते. डबा घेऊन! गाडी सुटेपर्यंत तो उराशी धरून उभी राहते आणि तसाच माघारी नेते.

"म्या म्हणलं, आन इकडं, देतो तिला. तर म्हणती, नको. तिकडं कोन डबा दील? सवय होऊ द्या तिला. अन् मला बी होऊ द्या."

स्टँडवर सगळ्यांदेखत रडले. माय मला उपाशी ठेवत नव्हती, आम्ही दोघी एकच धडा गिरवत होतो. ती तिथे, मी इथे. तोंडानं नाही, पण "जा" म्हणालीच ती.

७ जून, शनिवार

सकाळीच अप्पांना सांगितलं, माझं नाव राहू द्या.

संध्याकाळच्या गाडीत मायचा डबा परत दिला. आत मी केलेली भाकरी. एका बाजूनं करपलीय. साहेबरावांना म्हटलं, मायला सांगा — फाटली नाही.