रांजणावरची गाडी

अलवेती, काखेती
९ मार्च

प्रिय त्सियाला,

स. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं आणि मग तू सांभाळतेस ती म्हातारी सिन्योरा घाबरून घंटी वाजवते, म्हणून हे पत्र बारीला जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. सोबत अक्रोड आणि चीज आहे. चीजला वास येईल. तो तसाच असतो, इटलीत राहून विसरली असशील.

बातमी अशी की मी गाडी घेतली. आधी खाली बस, मग पुढे वाच. अमेरिकेत अपघात होऊन लिलावात निघालेली पांढरी गाडी आहे. फोटोत अगदी नवरीसारखी दिसत होती. फोटो सगळे डाव्या बाजूचे होते. उजवी बाजू मी पोतीच्या बंदरात गेल्यावर पाहिली. उजवीकडे काहीतरी येऊन आदळलंय, त्यामुळे ती बाजू चांगली दीड वीत आत गेली आहे. पण तू चांगलं बघ ना. अर्धी गाडी नवीकोरी आहे! आणि आपल्याकडे धड गाडी कोणाची असते? पाद्रीबाबांची गाडीसुद्धा टेक्सासात एकदा उलटलेलीच आहे.

जुंबेर वेल्डिंग करणार, बाकी सगळं मी. आपल्या तेकलेचं लग्न ईस्टरनंतर आहे, तोवर गाडी रस्त्यावर येते. तू गेलीस त्या दिवशी मी तुला जुंबेरच्या व्हॅनमधून, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून विमानतळावर नेलं होतं. तुझ्या कोटाला पिसं चिकटली होती आणि तू तशीच आत गेलीस. ते मला अजून डाचतं. या वेळी तुला आणायला मी माझ्या हाताने उभी केलेली गाडी घेऊन येणार, म्हणजे येणारच.

लोभ आहेच, रागावण्याआधी तो एकदा आठवावा.

तुझा,
ओमारी

—

बारी
२१ मार्च

ओमारीस,

स. न. वि. वि.

बसले. वाचलं. उठले, पाणी प्याले आणि परत बसले.

अरे, न्हाणीघराच्या फरशा कमरेपर्यंत लावून तू थांबलास. वर जायचा जिना अर्ध्यात संपतो आणि पाहुणे विचारतात की वर कोण राहतं. तुझ्या हातून पूर्ण झालेली एकच गोष्ट म्हणजे आपली तेकले, आणि त्यातही जास्तीचं काम माझ्याकडे होतं. आता तू गाडी बांधणार! आणि कोणाबरोबर, तर जुंबेरबरोबर, ज्याने जन्मभर थडग्यांभोवतीची कुंपणं जोडली. सिन्योराला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिच्या नवऱ्याने एकदा होडी घेतली होती. मग नुसता माझा हात थोपटत राहिली.

ते जाऊ दे. मला काळजी वेगळीच आहे. होणाऱ्या जावयाच्या, बेकाच्या घरचे पडले पश्चिमेकडच्या इमेरेतीचे. आपली वाईन जड, घशाला लागते, असं ते साखरपुड्यातच बोलून गेले आणि लग्नाला आपली पिंपं भरून आणू का, असंही विचारून गेले. मुलीच्या लग्नात काखेतीच्या माणसाच्या घरी परक्याची वाईन वाढली तर मी तोंड कुठे लपवू? माझ्या वडिलांच्या वेलींची वाईन मोठ्या रांजणात नीट आहे ना? आणि गाडी ठेवली आहेस कुठे? ओसरीवर असेल तर आत्ताच खाली उतरव.

सुट्टी दहाच दिवसांची मिळते आहे. कशीतरी येईन.

लोभ ठेवावा, आणि पाना-हातोडा खाली ठेवता आला तर तोही ठेवावा.

त्सियाला

—

अलवेती
१४ एप्रिल

प्रिय त्सियाला,

स. न. वि. वि.

गाडी ओसरीवर नाही. उगाच संशय घेतेस. पावसात पुट्टी वाळेना, शिवाय शेजारची गाय येऊन बॉनेट चाटायची, म्हणून गाडी आत वाईनच्या कोठीत नेली. दार अरुंद, पण चेपलेली बाजू उपयोगी पडली! चौकटीला साबण फासला, गावातल्या दहा-बारा जणांनी ढकलली आणि लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली.

मग कोठीच्या खांबाला साखळी बांधून आत गेलेली बाजू बाहेर ओढली. सगळं गाव मदतीला. आता मदतीला आलेल्या माणसाला कोरड्या घशाने कसं पाठवायचं? बॉनेटवर चादर घालून टेबल मांडलं, आधी काढून ठेवलेले वाईनचे बुधले आणले. देशासाठी, मेलेल्यांसाठी, आईबापांसाठी, ज्या अमेरिकन बाईने गाडी ठोकली तिच्या तब्येतीसाठी पेले उंचावले. काम तासभर चालायचं आणि पेले संध्याकाळपर्यंत. पण काम झालं. उजवीकडची दोन्ही दारं निळी मिळाली, ती तशीच बसवली. पुढची जाळी जुंबेरने स्वतः घडवली, लोखंडी द्राक्षपानांची. मधे नावाची पाटी बसवायला जागासुद्धा सोडली, सवयीने. ती आम्ही बुजवून घेतली.

काल किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. जुंबेर रडला. मीही थोडा रडलो, पण धूर फार होता. त्सियाला, मी एक काम पुरं केलं. फोनवर हे सांगताना माझा आवाज फुटला असता, म्हणून लिहितोय.

वाईनची काळजी करू नको. ती इतकी सुरक्षित आहे की तिला कोणी हातही लावू शकत नाही.

लोभ वाढवायला आता हरकत नसावी.

तुझा,
ओमारी

—

अलवेती
१७ एप्रिल

ती. आईस,

तेकलेचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण ते लिहिताना मोठ्याने वाचतात. काय लिहिलं नाही ते मी लिहिते.

आई, मोठा रांजण कोठीत पुरलेला आहे आणि गाडी बरोबर त्या रांजणावर उभी आहे. बाबांनी झाकणावर फळ्या टाकल्या होत्या. म्हणाले, चार दिवसांत गाडी बाहेर काढतो. काल काढायला गेले तर गाडी दारातून जाईना. आत नेली तेव्हा चेपलेली होती ना! आता इतकी छान सरळ केली आहे की दाराहून रुंद झाली. साबण लावला, तेल लावलं. जुंबेरकाकांनी तर चौकटीला डुकराची चरबी फासली. आता गावातली सगळी कुत्री दारात बसून असतात. पुढेमागे सरकवावी तर कोठी गाडीएवढीच लांब आहे. गाडीखाली सरपटत जाऊन झाकण उघडता येत नाही, आणि उघडलं तरी ती लांब दांड्याची भोपळ्याची पळी आत घालणार कशी?

जुंबेरकाका म्हणाले, सोपं आहे, परत ठोकू. हातोडा घेऊन उभेही राहिले. बाबा गाडीच्या दारांना पाठ लावून आडवे उभे राहिले. भिंत पाडा म्हटलं तर आजोबांनी रचलेली भिंत पाडायला हात उचलत नाही म्हणतात. कालपासून जेवले नाहीत, नुसते गाडीत जाऊन बसतात. मी म्हटलं, बाबा, आईला आणायला टॅक्सी करू. तर म्हणाले, तिच्या कोटावर पिसं होती. मला काही कळलं नाही.

बेकाच्या बाबांनी पुन्हा फोन करून पिंपांचं विचारलं. मी लाइन खराब आहे असं सांगून ठेवून दिला. आई, आता काय करायचं?

माझ्यावर आहे तेवढाच लोभ बाबांवरही असू दे, त्यांना सध्या गरज आहे.

तुझी,
तेकले

—

बारी
२५ एप्रिल

ओमारीस,

स. न. वि. वि.

ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात. तेकलेने सगळं कळवलं. तिच्यावर ओरडू नको. मी ते सिन्योराला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला खोकल्याचं औषध द्यावं लागलं.

आता ऐक. रांजणाचं तोंड खांबापासून किती अंतरावर आहे ते मला पाठ आहे, इतकी वर्षं मीच ते धुतलंय. ते तुझ्या शेजारच्या सीटखाली येत असणार. ती सीट काढ. खालचा पत्रा काप, झाकण निघेल आणि पळी जाईल एवढा गोल. गाडीत बसूनच वाईन काढा. भिंतीला हात लावायला नको, गाडी ठोकायला नको, आणि इमेरेतीवाल्यांची पिंपं तर नकोच नको.

तुझं पुरं झालेलं काम मी कापायला सांगते आहे, हे मला कळतंय. लिहिताना वाईट वाटतंय रे. पण लेकीच्या लग्नात वाईन हवी. मला आणायला जुंबेरची व्हॅन आण. कोंबड्या असल्या तरी चालतील, तू असलास म्हणजे झालं.

लोभ किती आहे ते आल्यावर सांगेन.

त्सियाला

—

अलवेती
३ जून

चि. सौ. तेकले हिस,

अ. उ. आ.

वर गावाचं नाव चुकून पडलेलं नाही. मी अलवेतीतच आहे. आता नीट सांगते.

लग्नात जुंबेर स्टिअरिंगमागे बसून पळीने वाईन काढत होता आणि लोक खिडकीतून पेले पुढे करत होते, ते तू पाहिलंस. पुढचं तुला ठाऊक नाही. तुम्ही दोघं गेल्यावर तुझे सासरे रांगेत न थांबता मागच्या सीटवर जाऊन बसले. ते उतरेचनात. वाईन जड नाही, गंभीर आहे, असं म्हणाले. मग म्हणाले, एवढ्या गुणी गाडीला कोंडून ठेवून पाहुणे निघून गेले तर पाहुण्यांची लाज जाईल. तुझे चुलतसासरे, मावससासरे सगळे उठले आणि गाणं म्हणत दाराशेजारची भिंत पाडली. तुझ्या बाबांनी फक्त टोपी काढली. जाताना सगळ्यांनी एकमेकांचे मुके घेतले, विटा मात्र तिथेच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडीचं भोक बुजवलं. कशाने, तर माझ्या भाकरीच्या तव्याने! जुंबेरने तो असा जोडलाय की सीटखालून त्याचा कान दिसतो. 

जायच्या दिवशी बाबांनी गाडी धुतली, मला निळं दार उघडून दिलं आणि आम्ही विमानतळाकडे निघालो. ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जात होते.   वाटेतल्या सागारेजोच्या पुढे गाडी थांबवून बाबांनी विचारलं की इंजिनाचा काही वेगळा आवाज येतोय का. मी नाही म्हटलं. पुन्हा थोड्या वेळाने उतरून चाकं पाहिली. मग बॉनेट उघडून कितीतरी वेळ उभे राहिले. मी जवळ गेले तर तारा, नळ्या एकेक करून हलवून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले की काहीच बिघडलेलं नाही. म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

तेव्हा मला कळलं, तेकले. हा माणूस वाटेत गाडी बंद पडावी म्हणून देवाची करुणा भाकत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातचं काम बिनचूक झालं होतं.

तुझ्या शिक्षणासाठी मी गेले होते. ते झालं, लग्नही झालं. सिन्योरापाशी तिची भाची येऊन राहिली आहे. मी नुसती जायची सवय म्हणून चालले होते. मी बाबांना म्हटलं, गाडी सरळ चालते हे पाहिलं, आता वळते कशी ते बघू या.

सिन्योराला फोन केला. ती आधी रडली, मग होडीची सगळी गोष्ट मला सांगायची राहिली म्हणून रागावली. तिला दर आठवड्याला पत्र लिहायचं कबूल केलंय.

बेकाला आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार. आमच्यावरचा लोभ तसाच राहू दे, भेटायला ये. आणि गाडी फार छान वळते गं. भर रस्त्यात, एका दमात वळली.

तुझी,
आई