कलेक्टर नसलेला जिल्हा

मु. पो. नेकनूर

चि. राजनंदिनी हिस,

धोंडीराम आबांचा पोटभर आशीर्वाद. गुडघे सोडले तर आम्ही इकडे बरे आहोत. तुझी मोठी काकू विचारते, पोरगी वेळेवर जेवते का (डब्यातलं गरम करून खाल्लेलं ती जेवणात धरत नाही). माझ्या धाकट्या भावाने, अंगदने, म्हणजे तुझ्या बापाने, तिकडे राहून तुला मराठी वाचायला शिकवली, म्हणून एवढं लांबण लावायची हिंमत करतो.

अंगदच्या मृत्यूचा तू पाठवलेला दाखला पोचला. तो दाखवून त्याच्या जागी शेतावर तुझं नाव लावायचं, काम एवढंच. पण चार महिने झाले, मी पार थकलो बाई. कचेरीतले भागवतबाबू म्हणतात, यावर कलेक्टरची सही कुठाय? तुला फोन केला तर तू म्हणालीस, लॉस एंजेलिस काउंटीला आपल्यासारखा कलेक्टरच नसतो. हे मी कचेरीत जाऊन सांगितलं आणि फसलो.

तेव्हापासून रोज तुमच्या जिल्ह्याचीच चर्चा. क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या बीडएवढं आणि माणसं कोटीच्या घरात, म्हणजे आपल्या चौपट, हे ऐकून रांगेतल्या लोकांनी आधी पाण्याचं विचारलं (मी सांगितलं, लांबून आणतात, मग सगळ्यांना जरा आपलेपणा वाटला). एवढा पसारा निवडून आलेले पाच जण चालवतात, एकेकाच्या वाट्याला वीस लाख माणसं. इथे पाच जणांचं एका गल्लीच्या नालीवर एकमत होत नाही. पोलिसांचा मोठा साहेबही मतं मागून येतो म्हटल्यावर बाबू म्हणाले, "मंग चोर कुणाला मत देतो ओ आबा?" मला काय ठाऊक! इतिहासही सांगून झाला. आधी स्पेन, मग मेक्सिको, मग अमेरिका. आपणही निजामाकडून आलेलो, तेव्हा तेवढं पटलं. पण १८५० साली जिल्हा आधी झाला आणि राज्य काही महिन्यांनी, हे काही कुणाला पटेना. आईआधी लेक जन्मली म्हणायची. आता २०२८ साली म्हणे सगळ्या काउंटीचा एक मुख्य कारभारी निवडून येणार आहे. म्हणजे त्याची सही मिळेपर्यंत थांबणं आलं. मी एकाहत्तर वर्षांचा, तुमच्या निवडणुकीसाठी तब्येत सांभाळून बसलोय. जाऊ दे, कंटाळा आला सांगून.

तुझा,
आबा

ता. क. भागवतबाबूंवर राग धरू नकोस. त्यांनी दाखला पहिल्याच दिवशी मान्य केला होता. कलेक्टरच्या सहीचं मीच काढलं आणि रोज नवी शंका मीच घेऊन जातो. परवा बिचारे हात जोडून म्हणाले, "आबा, कागद चोख हाय. भाऊ म्हणून तुमची एक सही ऱ्हायली, तेवढी करा अन् मोकळे व्हा."

आणखी एक. ती सही केली की सातबाऱ्यावर अंगदचं नाव कंसात जातं, म्हणजे कमी होतं, आणि खाली तुझं लागतं. तीस वर्षं तो तिकडे होता, पण त्या कागदावर माझ्या नावाखाली इथेच होता. माझ्याच्यानं होत नाही, पोरी. सुट्टी काढून ये. तू शेजारी बसलीस तर करीन.